खरं

तीन दिवसांचं प्रशिक्षण, बेळगावात,
कोर्टामागच्या नव्या इमारतीत, दुसरा मजला.
गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडीहून आलेले दुभाषे
आणि आम्ही इकडचे, हुक्केरी, चिकोडी, खानापूर.
छातीवर नावाची पट्टी, दोन लिप्यांत.
कानडीत मी किल्लेकर,
मराठीत किलेकर.
कुणी हसलं नाही. सगळ्यांना सवय.

लक्झेंबर्गला तीन वर्षं काढून आलेल्या हंजी मॅडम
पडद्यावर युरोप दाखवत होत्या.
तिकडे चोवीस भाषा,
आणि कायदा चोवीसांतही मूळच,
कुठलीच प्रत भाषांतर नव्हे.
दोन प्रतींचं जमलं नाही
तर न्यायाधीश सगळ्या शेजारी मांडतो, विचारतो,
हे लिहायला बसले होते त्यांना हवं काय होतं?

चंदगडच्या गुंडू देसूरकरांनी वहीत लिहिलं: सगळ्याच मूळ.
खाली रेघ ओढली
आणि रेघेकडेच बघत बसले.

मला आठवत होता भरमा.
वाटणीचा दावा, अठ्ठावीस गुंठे,
नंदगडच्या अलीकडं, ओढ्याला लागून.
मला नोकरी लागून पाच महिने झालेले.
भरमा पिंजऱ्यात उभा, टोपी मुठीत.
"ताईनं कसलं हे रान. ताईचंच म्हणायचं."
मी कानडीत टंकलं: तायि.
आवाज तोच, घाई माझी.
थोरली बहीण होती, ती कागदावर आई झाली,
आणि आईचं रान म्हणजे सगळ्या लेकरांचं.

तुळसा अकरा वर्षं तारखांना आली.
माझ्या टेबलासमोरचा बाक, डब्यात नाचणीची भाकरी,
एकदा मला लिंबाचं लोणचं देऊन गेली,
"लिहून लिहून हात दुखत असतील, बाई."
चूक मला सहाव्या वर्षी सापडली, नक्कल काढताना.
साहेबांना चिठ्ठी लिहिली.
फाइलीला लागली की नाही, विचारलं नाही.
लोणचं संपलं होतं. बरणी धुऊन ठेवली होती,
ती परत करायची राहिलीच.

"कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचाय?" मॅडम म्हणाल्या.
मी हात वर केला
आणि विचारलं, चहा किती वाजता?

तिसऱ्या दिवशी लुटुपुटीचं कोर्ट.
साक्षीदार मी. न्यायाधीश गुंडू, खुर्चीवर उशी घेऊन.
दुभाषा पुण्याचा पोरगा, चिन्मय का कोण,
कानडी पुस्तकातून शिकलेला, चुणचुणीत.
शपथ झाली. मी म्हटलं,
"खरं सांगतो म्हटलंय, खरं..."
त्यानं लगेच उतरवलं:
सत्य सांगेन, सत्य.
मागची सगळी ओळ फुटली हसून.
अरे बाबा, हुक्केरीचे अत्तार म्हणाले,
पहिलं खरं म्हणजे सत्य.
दुसरं खरं म्हणजे पण.
आमच्याकडं शब्द एकच.

पोरानं 'सत्य' खोडलं. पेन उचलून धरलं.
"पण काय, मॅडम? पुढे?"

पंखा फिरत होता. फळ्यावर कालचे चोवीस.
मी पुढचं सांगितलं.
ताई, तायि, अठ्ठावीस गुंठे,
समोरचा बाक, बरणी,
साहेबांना दिलेली चिठ्ठी आणि न विचारलेलं.
सावकाश, एकेक वाक्य, पोराला उतरवता यावं म्हणून.
त्यानं एकही शब्द सोडला नाही.
ताईला त्यानं अक्का लिहिलं. बरोबर लिहिलं.

प्रात्यक्षिक समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
हंजी मॅडम म्हणाल्या, उदाहरण छान रचलंत.

संध्याकाळी स्टँडवर चंदगडची गाडी लागली होती.
गुंडू चढले, खिडकीत बसले,
गाडी हलेपर्यंत काही बोलले नाहीत.
मग काच सरकवून, डोकं बाहेर काढून,
"खरं, त्या तुळसाचं पुढं काय झालं?"